गढी, माळवद की कोपी? रिसॉर्टच्या ‘परंपरे’चा इतिहास कसा शोधायचा



पेट पास झालेल्या, पण सिनॉप्सिसचं पहिलं पान अजून कोरंच असलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: विषय आवडतो, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? आज याचं उत्तर मी अशा उदाहरणावरून देणार आहे, जे बीडमध्ये बसून सहसा कोणाला सुचणार नाही. उदाहरण आहे समुद्रकिनाऱ्यावरच्या महागड्या रिसॉर्टचं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी, मांजरा आणि बिंदुसरा एवढीच आपली पाण्याची ओळख. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय फिरून आपल्या तहसील कार्यालयाच्या दारातच येणार आहे.

अशा रिसॉर्टच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘स्थानिक पारंपरिक संस्कृतीतून प्रेरित’. हे वाचून आपल्या मनात दोनपैकी एक प्रतिक्रिया येते. एक, ‘वा, आपली संस्कृती जपली’. दुसरी, ‘सगळं खोटं, श्रीमंतांची चैन’. दोन्ही प्रतिक्रिया माणूस म्हणून ठीक आहेत, पण त्यांवर प्रबंध उभा राहत नाही. कारण दोन्हींत आपण निकाल आधी दिला आणि तपास केलाच नाही.

तपास कसा सुरू करायचा ते बघू.

आधी एक घरगुती प्रयोग

समजा उद्या कोणी बीड जिल्ह्यात एक आलिशान रिसॉर्ट बांधायचं ठरवलं आणि म्हणालं, ‘बीडच्या पारंपरिक घरासारखं करू’. आता सांगा, कोणतं घर?

एक पर्याय देशमुखांच्या किंवा पाटलांच्या गढीचा. उंच बुरूज, दगडी तट, आत चौक. दुसरा पर्याय माळवदाच्या घराचा. सागवानी खांब, तुळया, वर मातीचं सपाट छत, पुढे ढाळज, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद. अशा घराचं माप आपल्याकडे फुटांत सांगत नसत, ‘किती खणाचं घर’ असं विचारत. तिसरा पर्याय कोपीचा. दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या गाड्या भरून जाणारी माणसं उसाच्या फडाजवळ जे घर उभं करतात ते. बांबू, चटई, पाचट, वरून प्लास्टिकचा कागद. बीडच्या कितीतरी कुटुंबांच्या अनेक पिढ्यांनी वर्षातले पाच-सहा महिने याच घरात काढले आहेत. मग कोपी पारंपरिक नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तुम्हीही जाणता की रिसॉर्टवाला गढी घेईल, फार तर माळवद घेईल. कोपी घेणार नाही. माळवद घेतानाही तो एक गोष्ट सोडून देईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड छतं अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर आपल्या भागात कितीतरी लोकांना माळवदाखाली झोपायची धास्ती वाटायची. पर्यटकाला जे छत सुंदर दिसेल, तेच आजीला भीतीचं वाटेल. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणजे ‘परंपरा’ आयती उचलून आणता येत नाही. अनेक खऱ्या गोष्टींतून कोणीतरी एक निवडतं. निवड करणारी माणसं असतात, निवडीची तारीख असते, पैसा असतो, नकाशा असतो, परवानगीचा कागद असतो. तारीख आणि कागद आले की इतिहासाचं काम सुरू होतं. आता हीच दृष्टी घेऊन खऱ्या रिसॉर्टकडे जाऊ.

मलय महालाचं हॉटेल

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू नावाचं राज्य आहे. तिथे दुंगुन गावाजवळ तांजोंग जारा नावाचं बीच हॉटेल १९८० मध्ये तयार झालं. ‘तांजोंग’ म्हणजे भूशिर, समुद्रात शिरलेली जमीन. हे हॉटेल उभं करण्यामागे खाजगी शेठ नव्हता, मलेशियाचं सरकारी पर्यटन विकास महामंडळ होतं. आराखडा हवाई बेटांवरच्या होनोलुलू इथल्या एका वास्तुविशारद संस्थेने केला. पुढे हे हॉटेल एका खाजगी उद्योगसमूहाकडे गेलं.

आता आपला पहिला प्रश्न: कोणाचं घर निवडलं? उत्तर आहे, सुलतानाचं. मलय भाषेत महालाला ‘इस्ताना’ म्हणतात, आणि जुने इस्ताना दगडाचे नसून लाकडाचे असत. त्या लाकडी महालाचा नमुना घेऊन हॉटेलच्या दुमजली इमारती बांधल्या. जमिनीपासून काही फूट उंच उचललेल्या, म्हणजे पुराचं पाणी खालून जाईल आणि वारा खेळेल. उतरती कौलारू छपरं, त्रिकोणी माथ्याला जाळ्या, कोरीव लाकूडकाम. १९८३ मध्ये या हॉटेलला आणि त्यासोबत बांधलेल्या रांताउ अबांग इथल्या पर्यटक केंद्राला मिळून अगा खान स्थापत्य पुरस्कार मिळाला. लोप पावत चाललेली लाकडी बांधकामाची रीत आणि त्यामागची कारागिरी पुन्हा वापरात आणली, याचं विशेष कौतुक झालं.

हे कौतुक पोकळ नव्हतं. लाकूडकाम, कौलं, विटा, कोरीव काम यांना मागणी आली की कारागिराला काम मिळतं आणि हातातली कला पुढच्या हातात जाते. ‘सगळं खोटं’ म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा आपल्या वहीत नीट लिहून ठेवावा.

पण त्याच किनाऱ्यावर साधं मलय घरही होतंच. तेही लाकडी खांबांवर उचललेलं. पुढे ‘सेरांबी’, म्हणजे आपली ओसरी. मध्ये ‘रुमा इबू’. शब्दशः अर्थ ‘आईचं घर’, पण काम आपल्या माजघराचं. खांबांच्या जोडणीत लाकडात लाकूड बसवलेलं, त्यामुळे घर सुटं करून दुसरीकडे नेता येई, आणि ते उचलायला सगळा गाव हात लावी. मासेमाराचं घर असंच असे, फक्त लहान आणि नक्षीशिवाय. हॉटेलसाठी महाल निवडला गेला, मासेमाराचं घर नाही. यात कट वगैरे शोधायची गरज नाही. दुमजली, मोठ्या खोल्यांची इमारत हवी असेल तर महालाचा नमुना सोयीचाच पडतो. संशोधक म्हणून आपण एवढंच नोंदवायचं की ‘मलय परंपरा’ असं जे मोघम नाव दिलं जातं, त्याच्या पोटात एक विशिष्ट वर्ग आणि एक विशिष्ट इमारत आहे.

त्याच वर्षांत गोव्यात

आता आपल्या जवळच्या किनाऱ्यावर या. वर्षं लक्षात ठेवा, कारण ती जवळपास तीच आहेत.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले, तेव्हा ते कळंगुट, हणजुणे इथे लोकांच्या घरांत आणि झापाच्या खोपटांत राहत. पंचतारांकित पर्यटनाची खरी सुरुवात १९७४ मध्ये धरली जाते. त्या वर्षी ताज समूहाने शिकेरी किनाऱ्यावर, आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून, फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू केलं. त्याच्याच शेजारी १९८२ मध्ये ताज हॉलिडे व्हिलेज झालं. सुट्या कॉटेज, कौलं, व्हरांडे, मधून पायवाटा, म्हणजे गोव्याच्या गावाची आठवण. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेमधून दोन दिवस इथेच विसाव्याला आले होते.

याच सुमाराला पणजीजवळ दोनापावलच्या बाजूला, वायंगिणी किनाऱ्यावर, ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल उभं राहिलं. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. केरळात कोवलमला सरकारी बीच रिसॉर्ट त्यांनी आधीच केलं होतं. ‘सिदाद द गोवा’ म्हणजे ‘गोवा शहर’. पोर्तुगीज काळात आजच्या जुन्या गोव्याला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, हेच म्हणत. त्यामुळे इथे नमुना गावाचा नाही, शहराचा आहे: रंगीत भिंती, चौक, गल्ल्या, आणि भिंतींवर अशी चित्रं की खिडकी, दार, माणूस खरंच समोर आहे असं वाटावं.

आता तक्ता डोळ्यांसमोर आणा. आग्वादला किल्ला, शेजारी गाव, वायंगिणीला शहर, आणि तिकडे मलेशियात महाल. एकाच दशकाच्या आसपास, समुद्रकिनारी, पाहुण्यांसाठी चार वेगवेगळ्या ‘परंपरा’ निवडल्या गेल्या. तुलनात्मक अभ्यासाचा विषय शोधणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. मलेशियात निवड करणारं सरकार होतं, गोव्यात खाजगी कंपन्या. तिथे आराखडा परदेशी संस्थेचा, वायंगिणीला मूळच्या गोमंतकीय कुटुंबातल्या भारतीय वास्तुविशारदाचा. या फरकांमुळे निवड बदलली का? हा झाला प्रश्न. ‘पर्यटन आणि संस्कृती: एक अभ्यास’ हे फक्त शीर्षक झालं. सिनॉप्सिसमध्ये दोहोंतला फरक समितीला लगेच कळतो.

काय घेतलं नाही?

दुसरी पायरी अवघड, कारण इथे नसलेल्या गोष्टी शोधायच्या असतात.

आग्वाद किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये बांधला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. जहाजं इथल्या झऱ्यांचं गोडं पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. पण गोव्याच्या जुन्या पिढीला आग्वाद म्हटलं की तुरुंग आठवतो. १९४६ च्या लढ्यात त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा आणि राममनोहर लोहिया या दोघांनाही आग्वादमध्ये डांबलं होतं. रिसॉर्टने किल्ल्याचा तट घेतला, कोठडी घेतली नाही. सुट्टीला आलेल्या माणसाला कोठडी कोण दाखवेल, हे समजण्यासारखं आहे. त्या तुरुंगात आता संग्रहालय झालं आहे, म्हणजे ती आठवण दुसऱ्या मार्गाने परत आली. एकाच किल्ल्याच्या या दोन आठवणी कोणत्या वर्षी, कोणाच्या निर्णयाने वेगळ्या झाल्या, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता ‘गोव्याचं गाव’ घ्या. गावात भाटकार असतो, म्हणजे बागायतीचा मालक, आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकारही असतो. मुंडकाराला कोणी घरातून हुसकावू नये म्हणून गोव्यात १९७५ मध्ये खास कायदा करावा लागला. म्हणजे १९८२ मध्ये गावाच्या नमुन्यावर हॉलिडे व्हिलेज होत होतं, तेव्हा खऱ्या गावात ‘हे घर माझं की त्याचं’ हा झगडा ताजा होता. कौल आणि व्हरांडा नमुन्यात येतात. कूळ-मालकाचं नातं येत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक झगडा चालू होता. रापण तुम्ही मालवण-तारकर्लीला गेलात तर पाहिली असेल. होडीने अर्धवर्तुळात लांबलचक जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून वीस-तीस माणसांनी मिळून ओढायची. गोव्यात या लोकांना रांपणकार म्हणतात. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याच्या जवळ येऊन मासे खरवडून नेऊ लागले, तेव्हा मतानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रांपणकारांनी मोठं आंदोलन केलं. १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, त्यामागे हे आंदोलन होतं.

इथे एक सावधगिरी. १९८० चा कायदा, १९८२ चं हॉलिडे व्हिलेज, एकच किनारपट्टी. लगेच ‘रिसॉर्टमुळे रांपणकार हटले’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. रांपणकारांचं भांडण ट्रॉलरशी होतं. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही. प्रयोगशाळेत आपण एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलतो. इतिहासात तशी सोय नाही, म्हणून प्रत्येक कारणासाठी वेगळा कागद दाखवावा लागतो. मग ही माहिती इथे का दिली? कारण दोघांनाही लागणारी वस्तू एकच होती: मोकळी वाळू. रापण ओढायला किनारा उघडा लागतो आणि पाहुण्याला उन्हात पडायलाही लागतो.

वाट कोणाची?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. घराचं रूप उचलता येतं. पण किनाऱ्यावरची सगळ्यात जुनी परंपरा घराची नव्हतीच, ती वहिवाटीची होती. होडीकडे जायची वाट, पोहायला, मासे आणायला, संध्याकाळी बसायला जायची वाट. तिचा नकाशा कोणी काढला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. गरज कुंपण आल्यावर पडते.

सरकारदरबारी याची जाणीव होती. २७ नोव्हेंबर १९८१ ला पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. पत्र म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे पाळलं कोणी आणि मोडलं कोणी यावर वाद होत राहिले. कायदेशीर बळ आलं ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने, ज्याला आपण सीआरझेड म्हणतो. तोवर गोव्यात परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं उतरू लागली होती, आणि ‘जागृत गोंयकारांची फौज’सारखे गट या पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर आले होते.

वायंगिणीला काय झालं ते बघा. हॉटेलच्या आणखी सोयींसाठी शेजारची जमीन सरकारने कंपनीसाठी संपादित केली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार अशा वेळी कंपनीला सरकारशी करार करावा लागे. तो १९८३ मध्ये झाला, आणि त्यात एक अट होती: लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट अडवायची नाही. पुढे त्या जमिनीवर वाढीव बांधकाम झालं आणि जुनी वाट बंद झाली, अशी तक्रार घेऊन स्थानिक रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २००० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० जानेवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. फोमेंतो रिसॉर्ट्स खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व मांडलं: समुद्रकिनाऱ्यासारख्या गोष्टींचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने राखणदार आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने, आणि बांधकाम वाचवायची सोय झाली. पर्यावरणवादी संस्था त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात गेल्या. म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं की निकालाच्या तारखेला इतिहास संपवू नका. निकालानंतर कायदा, नियम आणि जमीन यांचं काय झालं, ते तपासल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहायला घेऊ नका.

आता ही गोष्ट बीडच्या भाषेत सांगते. आपल्या तहसील कार्यालयात सगळ्यात जास्त कोणते अर्ज दिसतात? शेतरस्ता अडवल्याचे. बांधावरून जाणारी बैलगाडीची वाट एका वर्षी शेजारी नांगरून टाकतो आणि आजोबांच्या काळापासून चालत आलेली वहिवाट मोडते. मग १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज, मंडळ अधिकारी आणि तलाठ्याचा स्थळ-पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब. वायंगिणीचा खटला आणि आपल्या गावातला पाणंदीचा दावा यांतला पैसा, वकील आणि न्यायालय वेगळं. आतला प्रश्न मात्र सारखाच: कागदावर ठळक नसलेला, पण पायाखाली रुळलेला हक्क सिद्ध कसा करायचा? समुद्र न पाहिलेला बीडचा विद्यार्थी हा प्रश्न मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर ओळखेल, असं मला वाटतं.

कागद कसे वाचायचे

या विषयाचे बरेचसे कागद घरबसल्या मोफत मिळतात. अगा खान पुरस्काराचं साहित्य ‘आर्कनेट’वर आहे, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ऑनलाइन आहेत, गोव्याची जुनी राजपत्रंही आहेत. पण प्रत्येक कागद कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो, हे विसरू नका.

पुरस्काराचा मजकूर गौरव करण्यासाठी असतो. इमारत कशी बांधली, कोणती सामग्री वापरली, कोणती कारागिरी आली, हे त्यात बारकाईने सापडतं. आधी त्या जागेवर कोण वावरत होतं, हे तिथे शोधून फार मिळणार नाही. हॉटेलची जाहिरात गिऱ्हाईक बोलावण्यासाठी असते. ती इमारतीबद्दल कमी आणि त्या काळच्या पाहुण्याला काय हवं होतं याबद्दल जास्त सांगते, म्हणून जुनी जाहिरात मिळाली तर टाकू नका.

न्यायालयाचा निकाल वाद मिटवण्यासाठी असतो, आणि इथे आपली मुलं हमखास एक चूक करतात. निकालात आधी दोन्ही बाजूंच्या वकिलांचं म्हणणं पानंच्या पानं दिलेलं असतं. ते वाचून ‘न्यायालयाने म्हटलं’ असं प्रबंधात उतरवलं जातं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहा: हे कोण बोलतंय? वादी, प्रतिवादी की न्यायाधीश? अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण व्हायव्हाच्या वेळी अब्रू वाचते.

आणि जे कागदात नाही त्यासाठी माणसांकडे जावं लागतं. वाट कुठून जात होती, रापण कोणत्या बाजूला ओढायचे, हे गावातले म्हातारे सांगतील. तेही पडताळून घ्यायचं. वाटेबद्दल भांडण झालेल्या माणसाच्या आठवणीत वाट जरा रुंदच होत असते.

मग प्रश्न कोणते?

कोणतंही ‘परंपरेतून प्रेरित’ बांधकाम समोर आलं की हे चार प्रश्न क्रमाने विचारा.

१. नेमकं कोणाचं घर, कोणत्या काळातलं, नमुना म्हणून घेतलं?

२. निवड कोणी केली, कोणत्या वर्षी, कोणाच्या पैशाने, आणि ते कोणत्या कागदात दिसतं?

३. त्याच वेळी त्याच जागेवर आणखी कोणती परंपरा जिवंत होती, जी नमुन्यात आली नाही?

४. बांधकामाआधी तिथून कोण ये-जा करत होतं आणि नंतर कोण करू शकलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वास्तुकलेच्या कागदांत मिळतील, शेवटच्या दोनांची जमिनीच्या कागदांत. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासांत यांतली एकच बाजू असते. वास्तुकलेचे लोक सातबारा उघडत नाहीत आणि महसूलवाले छपराकडे बघत नाहीत. दोन्ही फायली एका टेबलावर ठेवल्या तर नवीन काही सांगायला मिळेल.

आपल्या राज्यातही काम पडून आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीच्या सरकारी निवासांत ‘कोकणी घर’ कसं दाखवलं गेलं? शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं का रेंगाळला? आणि ज्यांना जिल्हा सोडून जाणं जमणार नाही, त्यांनी आपल्याच महामार्गांवर उभी राहणारी ‘वाडा’ नावाची हॉटेलं बघावीत. आत चूल, जातं, बैलगाडीचं चाक टांगलेलं असतं. हे चाक कोणाच्या गाडीचं, ती गाडी कोणत्या वाटेने जायची, आणि ती वाट आज आहे का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलात तर विषय मिळाला असं समजा. मग गाईडकडे जाताना हातात शीर्षक नको, एक गाव, एक गट नंबर आणि एक तारीख घेऊन जा. अडलात तर विचारा, मिळून बघू.